दोन पानं सलग वाचवत नाहीत, मेंदू बिघडलाय का?

तुझा प्रश्न दोनदा वाचला. दोन वर्षं पुण्यात राहून राज्यसेवेची तयारी करतोयस, अभ्यासिकेत रोज आठ-नऊ तास बसतोस, पण पुस्तकाची दोन पानंही सलग वाचवत नाहीत, हात आपोआप फोनकडे जातो, रात्री रूमवर आल्यावर रील्स बघता बघता एक कधी वाजतो कळत नाही, आणि आता भीती वाटायला लागलीय की मेंदू कायमचा बिघडला. शेवटी असंही विचारलंयस की हे माझ्या एकट्याचं आहे की सगळा समाजच असा होत चाललाय. दोन्हीचं उत्तर देतो, जरा लांबेल. एकेरीत लिहितोय, माझ्याकडे येणारी पोरं तुझ्याच वयाची असतात त्यामुळे तेच तोंडात बसलंय.

मी २००७ पासून सांगली-सातारा पट्ट्यातल्या एका तालुक्याच्या गावात अभ्यासिका चालवतो आणि सीसॅट (पूर्व परीक्षेतला उतारे आणि तर्काचा पेपर) आल्यापासून उताऱ्यांचे क्लास घेतो. साठ खुर्च्या आहेत. मी डॉक्टर नाही, पण पोरं कशी बसतात, कुठल्या पानावर उठतात, उठून काय करतात आणि परत येऊन किती वेळाने खरी वाचायला लागतात हे अठरा वर्षं रोज बघत आलोय, आणि त्यावरून सांगतो की तुझा मेंदू बिघडलेला नाही. तुझी एक सवय गेलीय, आणि ती परत येते. अनेकांची येताना मी बघितलीय.

कुठली सवय ते सांगतो. "लक्ष लागत नाही" असं आपण सरसकट म्हणतो, पण क्रिकेटची अख्खी मॅच तू बघतोस, आवडीची सिरीज एका रात्रीत संपवतोस, तेव्हा लक्ष असतंच की. मग अडतं कुठे हे बघायला मागच्या वर्षी मी एका पोराच्या मागच्या खुर्चीवर, त्याला विचारूनच, तासभर बसलो. बीएस्सी ॲग्री झालेला, हुशार, तिसरा अटेम्प्ट. समोर राज्यघटनेचं पुस्तक, घटनादुरुस्तीचा धडा, कलम ३६८. त्या एका तासात त्याने फोन अकरा वेळा उचलला. त्यातल्या दोनच वेळा स्क्रीन पेटली होती, बाकी नऊ वेळा फोन गप्प पडलेला आणि ह्याने स्वतःहून उचलला. नंतर मी त्याला पुस्तकात बोट ठेवायला लावलं, की कुठे असताना उचललास ते दाखव. विशेष बहुमताच्या एकाच वाक्यावर तो तीनदा थांबला होता. सभागृहाच्या एकूण सदस्यसंख्येचं बहुमत हवं आणि शिवाय हजर राहून मतदान करणाऱ्यांचं दोन तृतीयांश बहुमत हवं, हे ते वाक्य. तसं काही अवघड नाही, पण कळायला हातात पेन घेऊन मांडावं लागतं, लोकसभेचे ५४३, त्यांच्या निम्म्याहून जास्त म्हणजे २७२, आणि समजा ४५० जण हजर राहून मतदान करतायत तर त्यांचे दोन तृतीयांश ३००, मग दोन्ही अटी पाळायच्या तर ३०० मतं लागणार. दोन मिनिटांचं काम आहे. त्या दोन मिनिटांत डोक्याला जो किंचित ताण पडतो ना, तो सहन व्हायचाच बंद झाला होता. ताण आला की हात फोनवर.

तुझंही हेच असणार असं मला तुझ्या लिहिण्यावरून वाटतं, कारण तू स्वतःच लिहिलंयस की "हात आपोआप जातो", फोन वाजतो म्हणून जातो असं नाही लिहिलंस. कॅलिफोर्निया विद्यापीठात अर्व्हाइनला ग्लोरिया मार्क नावाच्या संशोधक आहेत, त्यांनी वर्षानुवर्षं ऑफिसातल्या लोकांचं काम मोजलं. २००४ च्या सुमारास माणूस एका स्क्रीनवर सरासरी अडीच मिनिटं टिकायचा, अलीकडच्या मोजणीत ते ४७ सेकंदांच्या आसपास आलं. पण मला त्यांचं दुसरं निरीक्षण जास्त महत्त्वाचं वाटतं, की काम मोडलं जातं त्यातलं जवळपास निम्मं माणूस स्वतःच मोडतो, बाहेरून कुणी मोडत नाही. आणि ते "माणसाचं लक्ष गोल्डफिशपेक्षा कमी, फक्त आठ सेकंद" वालं जे फिरतं ते सोडून दे, २०१५ च्या एका कंपनीच्या रिपोर्टमधून ते पसरलं आणि मुळाशी गेलं तर त्या आकड्याला धड अभ्यासाचा आधार सापडत नाही. असले आकडे वाचून पोरं उगाच खचतात म्हणून मुद्दाम सांगितलं.

आता हे झालं कसं. मी अभ्यासिका सुरू केली तेव्हा पोरांकडे साधे फोन होते, दारात सायलेंट करायचे, विषय संपला. चहाला बाहेर पडली की टपरीवर पंधरा मिनिटं भांडायची, कटऑफ किती लागेल, अमक्या प्रश्नाचं उत्तर चुकीचं दिलंय का, आणि ताजी होऊन परत यायची. सप्टेंबर २०१६ ला जिओ आलं आणि डेटा जवळपास फुकट झाला, तेव्हा आधी खरंच चांगलं झालं, ज्यांना पुण्याचा क्लास परवडत नव्हता ती पोरं यूट्यूबवर लेक्चर बघून पूर्व परीक्षा काढायला लागली. जून २०२० च्या अखेरीला टिकटॉकवर बंदी आली आणि पुढच्याच महिन्यात इन्स्टाग्रामने रील्स आणलं, मग यूट्यूबचे शॉर्ट्स, आणि माझ्या डोळ्यांदेखत टपरीवरचा आवाज कमी झाला. पाच जण बाकावर बसतात, पाच जणांच्या माना खाली. मला हा सगळ्यात मोठा बदल वाटतो, कारण ब्रेकमध्ये डोकं रिकामं व्हायचं ते आता भरून परत येतं.

त्यामागचं कारण समजून घे म्हणजे स्वतःला शिव्या घालणं थांबेल. आधी वेबपेजला शेवट असायचा, खाली "पुढचं पान" असायचं, तिथे माणूस क्षणभर थांबायचा आणि तेवढ्यात उठायचा. २००६ मध्ये एझा रास्किन या डिझायनरने न संपणारं स्क्रोलिंग तयार केलं, पुढे त्यानेच जाहीरपणे त्याबद्दल खंत व्यक्त केली. थांबायची जागाच काढून टाकली की माणूस थांबत नाही, इतकं साधं आहे ते. दुसरं म्हणजे पुढची रील चांगली निघेल की फालतू हे माहीत नसतं. स्किनर या मानसशास्त्रज्ञाने कबुतरांवर प्रयोग केले होते, चोच मारल्यावर कधी दाणा मिळायचा कधी नाही, आणि दरवेळी दाणा मिळणाऱ्यापेक्षा हे कधी-हो-कधी-नाही वालं कबुतर जास्त चिवटपणे चोच मारत राहायचं. अंगठ्याचं तेच होतं. तुझा अंगठा दिवसाला शेकडो वेळा ही प्रॅक्टिस करतो की कंटाळा आला की लगेच पुढे सरक, आणि मग पुस्तकाचं पान तसं सरकत नाही म्हणून जीव गुदमरतो.

अजून एक गोष्ट. पाच मिनिटं रील्स बघून आलास तर पाचच मिनिटं गेली असं नसतं. एक काम सोडून दुसऱ्याकडे वळलं की मनाचा काही भाग आधीच्याच गोष्टीत अडकून राहतो, सोफी लेरॉय यांनी २००९ मध्ये यावर लिहिलंय. माझ्याकडे पोरं खुर्चीत परत येतात, पुस्तक उघडतात आणि बराच वेळ पान उलटतच नाही, ते हेच.

मात्र सगळ्यांचं कारण एकच असतं असं मी म्हणणार नाही. झोप किती होते हे मी सगळ्यात आधी विचारतो, कारण पाच तास झोपणाऱ्याला दुसरं काही सांगून उपयोग नसतो, आणि तुझं तर रात्री एक वाजेपर्यंत चालू असतं. काही जणांना लहानपणापासूनच एका जागी टिकता येत नाही, शाळेतही तेच, फोन नव्हता तेव्हाही तेच, त्यांनी मानसोपचारतज्ज्ञाला एकदा दाखवावंच, लाजण्यासारखं काही नाही. आणि काही जणांना मुळात फोनचा प्रॉब्लेमच नसतो, घरी कर्ज आहे, वय वाढतंय, भरतीची जाहिरात लांबतेय, लोक विचारतात "अजून किती वर्षं", ती भीती पुस्तक उघडलं की वर येते आणि ती नको म्हणून ते फोनमध्ये शिरतात. मन सतत उदास असेल, जेवण-झोप उडाली असेल तर सरकारची टेलिमानस हेल्पलाइन आहे, १४४१६, मराठीत बोलता येतं, फोन कर. तुझं यातलं काय आहे ते तुलाच बघावं लागेल.

आता मी काय करायला लावतो ते. आधी माझी एक चूक सांगतो. २०१९ ला मी सरळ नियम केला होता की अभ्यासिकेत फोन आणायचाच नाही. महिनाभरात पोरं दुसरा फोन खिशात लपवून आणायला लागली, दर अर्ध्या तासाला बाथरूमला जायला लागली, आणि एक मुलगी होती, तिची आई आजारी होती, ती तर दिवसभर दाराकडे बघत बसायची की घरून काही निरोप आला तर मला कळणार कसं. तिने तीन आठवड्यांनी अभ्यासिका सोडली. मला फार वाईट वाटलं, अजूनही वाटतं. मग मी सुताराकडून दाराशी साठ खणांचं लाकडी कपाट करून घेतलं, प्रत्येकाचा खण ठरलेला, फोन चालूच राहतो पण खणात, आणि काउंटरवरचा नंबर सगळ्यांच्या घरी देऊन ठेवला की खरंच गरज असेल तर इथे करा, मी हाक मारतो. बंदी नाही, फक्त मधे वीस पावलं आली. ती वीस पावलं काम करतात, कारण आपोआप होणारी गोष्ट आता उठून, ठरवून करावी लागते. तुझ्या अभ्यासिकेत असं कपाट नसेल तर फोन बॅगेत तळाला टाक आणि बॅग स्वतःच्या खुर्चीला लावू नकोस, लांब ठेव.

दुसरं, पेन्सिलची रेघ. वाचताना शेजारी एक कोरा कागद, आणि फोनकडे जावंसं वाटलं की जायचं नाही, कागदावर एक उभी रेघ मारायची आणि ज्या वाक्यावर होतास तिथे पुस्तकात बारीक टिंब करायचं. बस इतकंच. दिवसाखेरीस रेघा मोजायच्या आणि टिंबं बघायची. पोरं पहिल्या दिवशी हैराण होतात, पण चार दिवसांनी त्यांना दिसायला लागतं की टिंबं कुठेही नसतात, जिथे काहीतरी कळलेलं नाही तिथेच असतात. त्या कलम ३६८ वाल्या पोराची टिंबं बघून आम्हाला कळलं की त्याला टक्केवारी आणि अपूर्णांक कच्चे आहेत, फोनशी त्याचा काही संबंधच नव्हता! त्याला आठवड्याभर सहावी-सातवीचं गणित करायला लावलं आणि पॉलिटी, म्हणजे राज्यघटनेचा विषय, सुटायला लागलं. म्हणून मी म्हणतो की हात फोनकडे जातो ती जागा नीट बघ, तिथे बऱ्याचदा तुझा खरा कच्चा दुवा असतो.

वेळेचं म्हणशील तर एकदम दोन तासांचं ठरवू नकोस. बारा मिनिटांपासून सुरू कर, साधं घड्याळ समोर ठेवून, फोनवर टायमर लावून नाही. बारा मिनिटं एकच मुद्दा वाचायचा, मग पुस्तक मिटून तीन ओळी आपल्या शब्दांत लिहायच्या. या तीन ओळी टाळू नकोस, नुसते डोळे फिरवून झालेलं वाचन आणि खरं वाचन यातला फरक तिथेच उघडा पडतो. दोन आठवड्यांनी पंचवीस मिनिटं, महिन्या-सव्वा महिन्याने पंचेचाळीस-पन्नास, बहुतेकांचं इतपत होतं, कुणाला जास्त वेळ लागतो. शिवाय २०२५ पासून राज्यसेवा मुख्य वर्णनात्मक झालीय, आता एकेका पेपरला तीन तास सलग हाताने लिहायचंय, पर्यायांवर गोळे रंगवून भागत नाही, त्यामुळे ही बैठक तुला परीक्षेतही लागणार आहे.

फोन अभ्यासाला लागतोच, टेलिग्रामवर नोट्स येतात, चालू घडामोडींच्या पीडीएफ येतात, लेक्चर असतात, ते मी नाकारत नाही. पण त्याची वेळ बांध, दुपारी जेवणानंतर अर्धा तास आणि संध्याकाळी अर्धा तास, लागेल ते डाउनलोड करून घ्यायचं, प्रिंट परवडत असेल तर प्रिंट काढायची, चार जणांत मिळून काढली तर फार पडत नाही. चहाच्या ब्रेकला फोन अजिबात नको, चाल, बोल, नाहीतर नुसता रस्त्याकडे बघत उभा राहा. आणि रात्री फोन चार्जिंगला रूमच्या दुसऱ्या टोकाला, उशाशी नाही, उठायला गजराचं साधं घड्याळ आण. कॉट बेसिसच्या, म्हणजे एका खाटेपुरत्या भाड्याच्या, रूममध्ये सॉकेट उशाशीच असतं हे मला माहीत आहे, तर एक्स्टेन्शन बोर्ड घे किंवा रूम पार्टनरशी ठरवा की सगळ्यांचे फोन अकरानंतर एकाच टेबलावर.

हे सगळं करून खरंच फरक पडतो का, तर माझ्याकडच्या पोरांवरून मी हो म्हणतो, आणि २०२५ मध्ये एक अभ्यास आलाय त्यातही तसंच दिसलं. ४६७ जणांच्या फोनवरचं इंटरनेट दोन आठवडे बंद केलं होतं, कॉल आणि मेसेज चालू, कॉम्प्युटरवर नेटही चालू. सलग लक्ष ठेवण्याची चाचणी त्यांना आधीपेक्षा चांगली जमायला लागली, मनही बरं वाटायला लागलं. आणि त्यातल्या कित्येकांना पूर्ण दोन आठवडे नेटाने पाळता आलं नव्हतं, तरीही एकंदरीत फायदा दिसला. म्हणून एखाद्या दिवशी घसरलास तर सगळं गेलं असं समजू नकोस.

आता तुझा दुसरा प्रश्न, समाजाचा. मला वाटतं माझ्या अभ्यासिकेत जे एका खुर्चीवर होतं तेच बाहेर लाखो हातांत होतंय. वाक्य पूर्ण कळेपर्यंत थांबायचं नाही, पुढे सरकायचं किंवा पुढे ढकलायचं. राईनपाड्याचं नाव ऐकलं असशील, धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यात. १ जुलै २०१८, आठवडी बाजाराचा दिवस. नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच जण, भिक्षा मागत गावोगाव फिरणारे, मंगळवेढ्याकडचे. मुलं पळवणारी टोळी आलीय असे मेसेज तेव्हा सगळीकडे फिरत होते, आणि त्या संशयावरून जमावाने त्या पाचही जणांना ग्रामपंचायतीच्या खोलीत ठेचून मारलं. त्याआधी तो मेसेज किती जणांनी पुढे पाठवला असेल, आणि पाठवताना त्यातल्या एकाने तरी दोन मिनिटं थांबून विचारलं असतं का, की कुठलं मूल, कुठल्या गावचं, पोलिसात तक्रार कुठे आहे. मी हे दरवर्षी नवीन बॅचला सांगतो आणि दरवर्षी वर्ग एकदम शांत होतो. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एका वेळी पाचच चॅटना फॉरवर्ड करायची मर्यादा आणायला सुरुवात केली. म्हणजे बघ, तिथेही उपाय माझ्या वीस पावलांसारखाच होता, मधे थोडा अडथळा आणा म्हणजे माणूस थांबेल.

खोटी गोष्ट खरीपेक्षा लांब आणि वेगाने पसरते हे अमेरिकेतल्या एमआयटीच्या संशोधकांनी ट्विटरवरच्या १,२६,००० च्या आसपास बातम्यांवरून २०१८ मध्ये दाखवलं, आणि पसरवणारी मुख्यतः माणसंच होती, यंत्रं नाही. खोटी गोष्ट नवलाची असते, एका दमात कळते आणि चीड आणते, खरी गोष्ट बहुतेक वेळा विशेष बहुमतासारखी असते, मांडून बघावी लागते. ज्या समाजाला मांडून बघायचा कंटाळा येतो त्याला कुणीही भडकवू शकतं, आणि उद्या तू अधिकारी होऊन एखाद्या तालुक्यात बसशील तेव्हा असा जमाव तुझ्या समोर येईल, तेव्हा हे आठव.

पण सगळंच वाईट चाललंय असं चित्र मी तुला देणार नाही. अमेरिकेत २०१८ च्या निवडणुकीआधी काही लोकांचं फेसबुक चार आठवडे बंद ठेवून बघितलं होतं, त्यांना बातम्या कमी कळल्या हे खरं, पण राजकीय टोकाची भावना कमी झाली आणि मनाला थोडं बरं वाटलं. म्हणजे काही मिळतं, काही जातं. आणि आमच्याच पट्ट्यात, कडेगाव तालुक्यातल्या मोहित्यांचे वडगावने २०२२ मध्ये गावसभेत ठरवलं की संध्याकाळी सातला भोंगा वाजला की घराघरातला टीव्ही आणि मोबाईल बंद, साडेआठला परत भोंगा. कोरोनात ऑनलाइन शाळेमुळे पोरांच्या हातात फोन आले, शाळा उघडली तरी पोरं अभ्यासाला बसेनात, म्हणून सुरू झालं. त्यात मला आवडलं ते हे, की फक्त पोरांना दटावलं नाही, आईवडिलांनीही आपले फोन ठेवले. एकट्या पोराला रील्स सोडायला सांगायचं आणि बाप शेजारी बसून स्क्रोल करतोय, हे चालत नाही. तुझ्या रूमवरही म्हणूनच सांगितलं की फोन सगळ्यांचे टेबलावर, तुझा एकट्याचा नाही.

तेव्हा आज झोप नीट घे, आणि उद्या सकाळी एक कोरा कागद, एक पेन्सिल आणि सगळ्यात जड वाटणारा धडा घेऊन बस, बारा मिनिटं. पहिल्या दिवशी रेघा खूप येतील, माझ्याकडे चाळीसच्या वर आलेली पोरं आहेत आणि त्यातला एकजण आज पीएसआय आहे. पहिल्या दिवसाचा आकडा आणि दहाव्या दिवसाचा आकडा मला इथेच कळव, आणि जमलं तर टिंबं कुठल्या धड्यात जास्त आली तेही लिही, मग पुढचं बघू.